वाळायला ठेवलेलं झाड

शाळेचा मेसेज आला तेव्हा दैवशाला भाकरी थापत होती. मेसेज वाचून झाल्यावर तिने हातातली भाकरी अशी काही थापली, की तिचा परभणी जिल्ह्याचा नकाशा झाला.

"उद्या ‘आई आणि मी’ उपक्रमात मुलांसोबत ख्रिसमस ट्री बनवायचे आहे," तिने सासूला वाचून दाखवलं. "साहित्य घरचेच आणावे. विकतचे चालणार नाही. मातांची उपस्थिती अनिवार्य."

"अनिवार्य म्हंजे?" कासाबाईंनी विचारलं.

"म्हंजे कापसाची वेचनी बुडाली तरी चालंल, पन शाळंत जाऊन कागदं चिटकवली पायजेत."

मेसेजखाली दैवशालाच्या नवऱ्याचा, बालाजीचा, अंगठा उमटला होता. बालाजी परभणीत रिक्षा चालवायचा आणि शाळेच्या प्रत्येक मेसेजला न वाचता अंगठा द्यायचा. अंगठा त्याचा आणि हात दैवशालाचे, अशी त्या घरात शाळेच्या कामाची वाटणी होती. पंधरा ऑगस्टला तिरंगी फेटा झाला होता, गणपतीत शाडूचा उंदीर झाला होता. बालदिनाला मोर झाला होता आणि त्या मोराची पिसं धान्याच्या कोठीमागून अजून निघत होती.

"दर म्हैन्याला कुनाचा न कुनाचा सन असतोय आत्या, आन दर सनाला मपला एक दिवस जातोय," दैवशाला म्हणाली. "ही शाळा पोरांची हाय का मायांची?"

"झाड करायचं म्हनतेत न? शिवारात झाडं काय कमी हायत? एक फांदी मोडून दे."

"फांदी न्हाई चालत आजी," राजेश्री मध्येच म्हणाली. दैवशालाची ही पाच वर्षांची लेक यूकेजीत होती आणि मॅडमचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. तिने एकेक बोट दुमडत सांगितलं, "आधी रंग द्यायचा. मग वाळवायचं. मग कापायचं. मग चिटकवायचं. क्रम चुकला की झाड चुकलं."

घरचंच साहित्य म्हणजे काय, याचा दैवशालाने दातओठ खात विचार केला. घर मेंढपाळाचं. माळ्यावर लोकरीचं गाठोडं होतं. पुठ्ठ्याला लोकर गुंडाळली की झालं झाड, म्हणून तिने गाठोडं खाली ओढलं. पण त्यांचा जवळजवळ सगळा कळप काळा, त्यामुळे लोकरही काळीच निघाली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिरवा ऑइल पेंट कोनाड्यात होता, तो तिने पुंजकाभर लोकरीला लावून पाहिला. लोकर हिरवी कमी आणि शेणकट जास्त दिसायला लागली.

"हे झाड न्हाई," राजेश्रीने निकाल दिला. "हे शेन हाय."

"मग जळालेलं झाड हाय म्हनून सांग."

"पांढरी लोकर पायजे. पांढऱ्यावर रंग बसतोय. मॅडम म्हनल्या."

"पांढरी लोकर एकट्या नवाबाच्या अंगावर हाय," दैवशाला कडाडली. "जा, त्याला माग. आन मला भाकरी करू दे."

रागात बोललेलं वाक्य मोठी माणसं विसरून जातात. लहान मुलं ते अमलात आणतात.

नवाब हा त्यांच्या कळपातला एकुलता एक एडका. पांढराशुभ्र, वळलेल्या शिंगांचा. वाटेत ओल दिसली तरी वळसा घालून जायचा, पायाला चिखल लागू द्यायचा नाही, म्हणून दैवशालाच्या सासऱ्यांनी, रामहरींनी, त्याचं नाव नवाब ठेवलं होतं. पुढच्या सालची सगळी कोकरं त्याच्याच भरवशावर होती, आणि राजेश्रीची फी त्या कोकरांच्या. तेव्हा शाळेवर कितीही राग आला तरी नवाबाकडे पाहून दैवशाला तो गिळत असे.

सकाळी शाळेआधी थोडी तरी वेचणी उरकावी म्हणून ती उजाडायच्या आत रानात गेली. परत आली तेव्हा रामहरी मेंढरं घेऊन गेले होते आणि राजेश्री युनिफॉर्म घालून ओसरीवर बसली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे होते.

"दिला का रंग?"

"दिला. वाळायला ठेवलाय."

पोरीने पुठ्ठा रंगवला असणार, निदान एक काम तरी कमी झालं, असं दैवशालाला वाटलं. कासाबाई तोंड फिरवून तांदूळ निवडत होत्या. त्या एरवी सकाळी तांदूळ निवडत नसत, पण या गोष्टीकडे लक्ष द्यायला दैवशालाला वेळ नव्हता. तिने रॉकेल लावून पोरीचे हात घासले, तिला तशीच रडती उचलली आणि फाट्यावरची शाळा गाठली.

वर्गात सतरंजीवर आया आणि मुलं दाटीवाटीने बसली होती. संघप्रिया मॅडम नुकत्याच बीएस्सी होऊन लागल्या होत्या आणि त्यांच्या हातात मोठा लाकडी कंपास होता.

"ख्रिसमस ट्री म्हणजे शंकू," त्या फळ्यावर वर्तुळ काढत म्हणाल्या. "वर्तुळाचा जेवढा तुकडा कापाल, तेवढा शंकू निमुळता होईल. त्यामुळे आधी केंद्र शोधायचं."

"मॅडम, डब्याचं झाकन ठिवून गोल काढला तर?" एका आईने विचारलं.

"चालेल. पण केंद्र सापडलं पाहिजे."

दैवशालाने डोळे मिटले. तिकडे रानात कापूस फुटून लोंबत होता आणि ती इथे पुठ्ठ्याचं केंद्र शोधत होती. शेजारच्या बाईने घरचं साहित्य म्हणून तुरीच्या हिरव्या फांद्यांचा भारा आणला होता आणि तिचा मुलगा त्यातल्या शेंगा सोलून खात होता. पलीकडे एकीच्या पोराने खळीत हात बुडवून तो आईच्या नव्या साडीला पुसला होता आणि ती बाई मॅडमसमोर त्याला मारता येत नाही म्हणून नुसती श्वास घेत होती. आईबरोबर मुलांचं नातं दृढ होतं, असं फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं.

झाडावर लावायला मॅडमनी प्रत्येक मुलाला द्रोणात कापसाचे गोळे दिले, काही लाल आणि काही हिरवे. मग त्या राजेश्रीपाशी आल्या.

"राजेश्री, तुझं साहित्य कुठंय?"

"रंग देऊन झालाय मॅडम. वाळायलाय."

"छान. घरी ठेवलंय का?"

"न्हाई. आजोबासंग गेलंय."

"आजोबांबरोबर काय गेलंय?"

"झाडाची लोकर."

दैवशालाने हातातली कात्री खाली ठेवली. "कुठं गेली लोकर?"

"चरायला."

वर्गातलं चिकटवणं थांबलं.

"आधी रंग, मग वाळवायचं, मग कापायचं," राजेश्रीने आईला समजावून सांगितलं. "रंग झाला. उनात वाळायलाय. सांच्याला नवाब आला की कापू."

"नवाब कोण?" मॅडमनी विचारलं.

"एडका," तीन आया एकदम म्हणाल्या.

संघप्रिया मॅडमनी क्षणभर विचार केला. "तसा क्रम बरोबर आहे तिचा," त्या म्हणाल्या. पण दैवशालाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी कंपास टेबलावर ठेवून दिला.

"कोनता रंग दिला?" दैवशालाने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. कोनाड्यात रंगाचा एकच डबा होता.

"हिरवा. पूर्न. पोटाला न्हाई दिला, पोटाला आजी नगं म्हनली."

दैवशाला ताडकन उठली. कारण त्यांच्या पेडगावात हिरवा रंग लिंबाजीचा होता.

लिंबाजी म्हणजे गावातला दुसरा मोठा मेंढपाळ. त्याच्या मेंढरांच्या पाठीवर हिरवा ठप्पा असायचा आणि रामहरींच्या मेंढरांवर लाल. गेल्या साली तळ्यावर दोन्ही कळप एकमेकांत मिसळले आणि रामहरी लिंबाजीची दोन मेंढरं आपल्या कळपात घालून घरी घेऊन आले. ठप्पे ठळक हिरवे. लिंबाजीने मारुतीच्या पारावर चारचौघांत त्यांना चोर म्हटलं. रामहरी असे पेटले, की आपण चुकलो एवढं एक वाक्य बोलायचं सोडून त्यांनी पाराच्या कट्ट्यावर काठी आपटली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून ज्याचा रंग त्याचं मेंढरू. उद्या मपल्या कळपातलं हिरवं दिसलं तर खुशाल घेऊन जा, मी तोंडातून शब्द काढनार न्हाई. गावाने माना डोलावल्या आणि त्या दिवसापासून तो नियम झाला.

आणि आज त्यांचाच एडका अंगभर हिरवा होऊन त्याच तळ्याकडे गेला होता.

दैवशालाने पोरीला काखेत मारलं. पोरीने द्रोण सोडला नाही. फाट्यावरून गावाकडे जाता जाता तिने सासूला फोन लावला.

"आत्या, तुमी नवाबाला रंग दिला?"

"मी कशाला देऊ," कासाबाई म्हणाल्या. "मी निस्ती शिंगं धरली."

"कामून धरली?"

"म्याडमनं सांगितलंय म्हनली पोरगी. शाळंचं काम हाय, मी अडानी मानूस, मधी कशी बोलू?"

"आन मामाला दिसलं न्हाई का? पांढरा एडका हिरवा होऊन पुढ्यात चालायलाय आन दिसलं न्हाई?"

"काय की बाई. म्हनले, नवाब कुठं लोळला गं, लय मळलाय. मी गप बसले. म्हनलं, टोमना मारायलेत."

दैवशालाने मग नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पॅसेंजर आहे म्हणाला, मी बगतो म्हणाला आणि फोन ठेवला. पाठोपाठ त्याचा अंगठा आला. तो अंगठा पाहून दैवशाला रस्त्यातच थांबली आणि फोन रानात भिरकावून द्यावा का, याचा तिने मनापासून विचार केला.

तळ्यावर कुणीच नव्हतं. ओल्या काठावर खुरांचे ठसे होते आणि सगळे लिंबाजीच्या आखाड्याकडे, त्याच्या रानातल्या वस्तीकडे, गेलेले होते.

आखाड्यावर बाभळीच्या काट्यांनी वेढलेलं मेंढरांचं वाडगं होतं. लिंबाजीने मेंढरं दिवसाउजेडीच कोंडली होती, कारण त्यांत नवाब होता आणि तो लोकांना दाखवायचा होता. काळ्या पाठींच्या गर्दीत तो पोपटासारखा उठून दिसत होता. बाहेर दहा-पंधरा माणसं जमली होती. रामहरी एका दगडावर काठी धरून बसले होते. त्यांचा बाकीचा कळप मागे आपल्या आपण उभा होता.

"मी काय बोललो काय?" लिंबाजी रामहरींकडे बघून हात जोडत लोकांना सांगत होता. "मी एक शबुद बोललो न्हाई. तात्या बोलले. पारावर बसून बोलले. मी निस्तं ऐकून घेतलं व्हतं."

"तो रंग न्हाई," रामहरी म्हणाले. "चिखल हाय."

लोक हसले.

"तात्या, हिरवा चिखल कुठं असतोय व्हय?"

"काय बी असंल. मपल्या नवाबाला रंग कोन लावंल?"

"मामा," दैवशाला गर्दीतून पुढे घुसली. धावून तिला धाप लागली होती आणि सासऱ्यांचा चिखल ऐकून धापेवर राग चढला होता. "चिखल काय म्हनता? पोरीनं रंग लावलाय त्याला. लिंबाजीमामा, शाळंचं झाड करायला पोरीनं लावलाय."

लिंबाजीने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "झाड करायला एडका रंगवला?"

"लोकर पायजे व्हती. आधी रंग द्यायचा, मग वाळवायचं, मग कापायचं, असं शाळंत सांगितलं व्हतं."

"सूनबाई," लिंबाजी म्हणाला, "तुपल्या सासऱ्याचा चिखल मला जास्त पटला बग."

या वेळी लोक मोठ्याने हसले. दैवशालाची कानशिलं तापली. ती खरं बोलत होती आणि ते कुणाला खरं वाटत नव्हतं. सासरे खोटं बोलत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. घरात आल्यापासून या माणसाने एक गोष्ट कधी सरळ मान्य केली नव्हती. गेल्या साली चुकलो म्हणाले असते तर नियम झाला नसता. नियम झाला नसता तर नवाब हिरवा काय, जांभळा झाला असता तरी बिघडलं नसतं.

"मामा, नवाब आजवर चिखलात बसलाय का कधी?" ती कडाडली. "तुमीच सांगता न, ओल दिसली की वळसा घालतोय म्हनून? मग आज कसा लोळला? समोर हिरवागार दिसायलाय आन चिखल काय म्हनता?"

रामहरींनी नवाबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि काठीने माती उकरायला लागले.

दैवशाला पुढचं वाक्य बोलणार होती, पण ती थबकली. चोरी पकडली गेलेला माणूस असा पाहत नाही. ते नवाबाकडे असे पाहत होते, जशी ती मघाशी फळ्यावरच्या वर्तुळाकडे पाहत होती. सगळ्यांना दिसतंय ते आपल्याला का दिसत नाही, असं.

राजेश्री आईच्या काखेतून उतरून आजोबांसमोर बसली. द्रोण तिने मांडीवर ठेवला.

"आजोबा, चिखल न्हाई त्यो. हिरवा हाय. ह्याच्यासारखा," तिने एक गोळा दाखवला. "आन हा लाल. आता सांगा, लाल कोनता?" तिने दोन्ही गोळे द्रोणात टाकून ढवळले.

"खेळू नको पोरी."

"सांगा की."

रामहरींनी इकडे तिकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी एक गोळा उचलला.

"चूक," राजेश्री मॅडमच्या आवाजात म्हणाली. "पुन्हा एकदा."

त्यांनी दुसरा उचलला.

"शाबास. आता अजून एक लाल."

तिसरा हिरवा निघाला. त्यांनी तो परत ठेवला आणि चौथा उचलायला हात पुढे केला, तोही हिरव्यावरच गेला. आता हसायला कुणी नव्हतं.

गर्दीतून धम्मदीप पुढे आला. तो सैन्यभरतीची तयारी केलेला पोरगा, रोज पहाटे याच रस्त्याने पळायचा. "तात्या, तुमचं माझ्यासारखंच हाय," तो म्हणाला. "भरतीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवत्येत. सगळ्यांला त्यात आकडा दिसतोय, मला निस्ते ठिपके दिसले. पळन्यात पहिला आलतो, तरी घरी लावलं. लाल आन हिरवं सारखंच दिसतंय आपल्याला. जन्मापसूनच असतंय ते."

"म्हंजे गेल्या साली..." कुणीतरी बोलायला लागलं आणि थांबलं.

दैवशाला सासऱ्यांकडे बघत राहिली. तीन पिढ्यांचा कळप या माणसाने तोंडं पाहून सांभाळला होता. कोणती मेंढी कुणाची लेक, कुणाचा कान कुठे फाटलाय, हे त्यांना पाठ होतं. रंगाचा ठप्पा कासाबाई मारायच्या. पण तळ्यावर भरपूर धूळ, संध्याकाळची घाई, परकी दोन तोंडं गर्दीत शिरली आणि पाठीवरचा रंग बघून ती बाजूला काढायची, तर पाठीवर सगळ्यांच्याच सारखे डाग.

"मग सांगायचं न मामा," तिचा आवाज अजून चढलेलाच होता. "पारावर सांगायचं. चोर म्हनवून घेतलं, पन हे सांगितलं न्हाई?"

"चोर म्हनलं तर मानूस भांडतो तरी," रामहरी मातीकडे बघत म्हणाले. "दिसत न्हाई म्हनल्यावर मेंढरं हाती देतंय का कुनी?"

ती लिंबाजीवर उलटली. "ऐकलं न लिंबाजीमामा? आता नवाबाला सोडा."

लिंबाजीने टोपी काढून छातीशी धरली. "वाईट वाटलं," तो म्हणाला. "इमानानं सांगतो, लय वाईट वाटलं. पन सूनबाई, डोळे त्यांचे, नियम बी त्यांचाच. मी मधी कोन? आज मी नियम मोडला तर उद्या गावात नियमाची कदर कोन करंल?"

लोकांत चुळबुळ झाली. कुणाला हे पटलं नव्हतं आणि त्यात चूक काय ते कुणाला सांगता येत नव्हतं. दैवशालाच्या तोंडात आता शिव्या यायला लागल्या होत्या. सासऱ्यांसमोर द्यायच्या कशा, एवढाच प्रश्न होता.

राजेश्री तोवर वाडग्याच्या कुपाटीपाशी गेली होती. काट्यांतून आत बघत ती एकेका मेंढराकडे बोट करून मोठ्याने रंग म्हणत होती, कारण आता तिला तो खेळ सापडला होता. "हिरवा. हिरवा. हिरवा. हिरवा."

"बगा," लिंबाजी लोकांना म्हणाला, "लेकराला बी कळतंय."

"हिरवा. हिरवा." मग ती थांबली. "हिच्यात दोन हायत."

"थंडी सुटलीय सूनबाई," लिंबाजी म्हणाला. "पोरीला घरी न्या."

ऊन चांगलं डोक्यावर होतं.

"कुठं दोन हायत गं?" दैवशाला कुपाटीपाशी गेली.

"त्या कोपऱ्यातलीवर. आन तिच्या बाजूचीवर बी. वर हिरवा हाय आन खालून लाल दिसायलाय." राजेश्री वळून लिंबाजीकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर मॅडमची निराशा होती. "काका, तुमी नीट भरला न्हाई रंग. कडेपर्यंत भरायचा असतोय."

लोक कुपाटीकडे सरकले. कोपऱ्यात दोन काळ्या मेंढ्या बाकीच्यांच्या मागे दडून उभ्या होत्या. दोघींच्या पाठीवर तळहाताएवढा हिरवा ठप्पा, आणि त्याच्या चारी बाजूंनी, साडीला काठ असावा तसा, लाल रंग.

सगळे लिंबाजीकडे बघत होते. लिंबाजी मेंढ्यांकडे बघत होता. त्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली.

"चिखल असंल," तो म्हणाला.

रामहरी दगडावरून उठले. वाडग्याच्या तोंडाशी लावलेला काट्यांचा झाप त्यांनी काठीने बाजूला सारला. लिंबाजी आडवा आला नाही. ते आत गेले तशी कोपऱ्यातल्या दोघींनी माना वर केल्या आणि त्यांच्याकडे आल्या. त्यांनी एकीच्या तोंडावरून हात फिरवला, दुसरीचा कान बोटांत धरून चाचपला.

"ही बोडकी," ते म्हणाले. "आन ही लंगडीची लेक."

दिवाळीच्या आधी या दोघी रानातून परत आल्या नव्हत्या. घरात दोन दिवस चूल धड पेटली नव्हती. लिंबाजी तेव्हा मुद्दाम भेटायला आला होता. ओसरीवर बसून हळहळला होता. लांडगा लय माजलाय तात्या, जपून ऱ्हावा, असं म्हणाला होता. कासाबाईंनी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला होता.

दैवशाला आत शिरली आणि तिने नवाबाचं शिंग धरलं. ओला रंग तिच्या हाताला लागला, पातळाला लागला. तिने पर्वा केली नाही. लिंबाजीच्या समोरून जाताना तिने कालपासून साठवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

दोन्ही मेंढ्या मागे घेऊन रामहरी लिंबाजीच्या अगदी पुढ्यात येऊन उभे राहिले. आवाज त्यांनी चढवला नाही. उलट, खरंच काही माहिती विचारावी तशा सुरात विचारलं.

"लिंबाजी, लांडग्याला लाल दिसतंय का रं?"